चढावर थांबणारा वायपर

नातवाच्या गाडीत बसलं की मला डुलकी लागते. ना इंजिनाची घरघर, ना दाराची खडखड. मागच्या श्रावणात आम्ही गुलबर्ग्याहून आळंदला येत होतो. (आता कलबुर्गी म्हणतात, पण माझ्या तोंडात गुलबर्गाच बसलंय. या वयात त्याला कुठं उठवू.) वाटेत पाऊस लागला. काचेवर चार थेंब पडले न पडले तोच वायपर हलायला लागला. मी विचारलं, "कुणी चालू केला रे?" नातू म्हणाला, "कुणी न्हाई आज्जी, त्याला आपोआप समजतंय." पुढं चढ आला. गाडी भर्रकन वर गेली आणि वायपर आपला त्याच चालीनं चालू. माझा उजवा पाय मात्र आपोआप वर उचलला गेला. नातवानं ते बघितलं. "आज्जी, पायाला मुंग्या आल्या काय?" मी म्हटलं, "व्हय, आल्या." दुसरं काय सांगणार. त्या उचललेल्या पायामागं एक अख्खी मोटार उभी आहे आणि मोटारीत माझे अप्पा बसलेत. चालत्या गाडीत एवढं सगळं कसं सांगायचं? म्हणून इथं लिहून ठेवते.

अप्पा म्हणजे माझे वडील. आळंदमध्ये त्यांची भाड्याची मोटार होती. मोटार मूळची निजामाच्या राज्यातल्या कुणा जागीरदाराची. राज्य गेलं, जागीर गेली आणि मोटार हातोहात फिरत आमच्या दारात, म्हशीच्या गोठ्याशेजारी येऊन थांबली. अमेरिकेत बनलेली आहे म्हणायचे. काळीभोर, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले, दोन्ही अंगांना पाय ठेवायला लांब फळ्या. मागच्या सीटचं चामडं फाटलं होतं तिथं आमच्या मायनं वाकळ अंथरली होती. आत बसलं की पेट्रोल, वाकळ आणि गोठा असा तिघांचा मिळून एक वास यायचा. तो वास आज कुठं आला तर डोळे मिटून ओळखीन, पण येत नाही कुठं. सकाळी अप्पा पुढं वाकून हँडल मारायचे. दोन-तीनदा ती खोकायची, मग सुरू व्हायची, आणि चुलीपाशी मायच्या भाकरी थापण्याचा आवाज त्या घरघरीत बुडून जायचा. माय म्हणायची, "उठली बघ माझी सवत." ती मलाच म्हणायची, पण ऐकवायचं असायचं अप्पांना.

बाजारच्या दिवशी तुरीचे व्यापारी, लग्नसराईत नवरा-नवरी, कधी अडलेली बाळंतीण, असं सगळं त्या मोटारीनं वाहिलं. उमरगा, अक्कलकोट, गुलबर्गा हे तिचे ठरलेले रस्ते. घरची शेती तात्याकडं होती. तात्या म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ, त्यांना अण्णा म्हणायचा. बिनलग्नाचा, जिभेचा तिखट, बैलांवर जीव टाकणारा. अप्पांनी त्याला मोटार चालवायला शिकवली होती आणि त्याला ती येतही होती चांगली, पण हात लावायचा नाही. "म्या बैलाचा माणूस हाय," म्हणायचा, "बैलाला हाक मारली तर कान तरी हालिवतो." मी थोरली लेक. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळं घरकाम आटोपलं की अप्पांच्या डाव्या बाजूला जाऊन बसायची मला मोकळीक होती. माझ्यामागं धाकटी दोघं. जेवायला सगळे एकाच पंगतीत. ज्वारीची भाकरी, पुंडीची आंबट भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि तात्याचे टोमणे, हे रोजचं जेवण.

आता वायपरचं सांगते. त्या वायपरला विजेची मोटर नव्हती. हे आजच्या पोरांना सांगितलं की त्यांना खोटं वाटतं. इंजिन चालायला लागलं की ते आपल्या पोटात वारा ओढतं. त्या ओढीला एक रबरी नळी जोडलेली. ती नळी काचेच्या कडेकडेनं वर चढून काचेच्या डोक्यावर बसवलेल्या एका पत्र्याच्या डबीत जायची. डबीत चामड्याचं एक पान. इंजिन एकदा या बाजूनं ओढायचं, एकदा त्या बाजूनं, की पान इकडून तिकडं डोलायचं आणि त्याच्याबरोबर बाहेरचं पातं. चालू-बंद करायला डबीला पितळेची खुंटी. म्हणजे इंजिनाच्या श्वासावर चालणारी वस्तू. पण तिची एक खोड होती. चढावर रेस दिली की इंजिनाची ओढ कमी व्हायची आणि वायपर ऐन पावसात काचेच्या मध्यावर थांबायचा. मग अप्पा क्षणभर रेसवरचा पाय उचलायचे. ओढ परत यायची, वायपर एकदा सपकन पुसून घ्यायचा, अप्पा तेवढ्यात रस्ता बघून घ्यायचे आणि पुन्हा रेस. असा तो चढ जरा पुसत, जरा चढत पार व्हायचा. उतारावर मात्र पाय वरच असतो, तिथं वायपरला भूत लागायचं. मला तेव्हा वाटायचं की सगळ्याच मोटारी अशाच असतात, लंगडी घालत चढतात.

ज्या वर्षाचं सांगते त्या वर्षी भर पावसाळ्यात वायपर बंद पडला. सुरुवातीला अप्पांनी जुने उपाय केले. काचेवर तंबाखू चोळली, कापलेला बटाटा फिरवला. त्यानं पाणी काचेवर ठरत नाही, थोडा वेळ दिसतं. मग मी उपाय झाले. अप्पांनी गाडी थांबवायची, मी उडी मारायची, पुढून वळसा घालून त्यांच्या बाजूची काच मायच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसायची, परत पळत येऊन बसायचं. अक्कलकोटच्या रस्त्याला एक व्यापारी मागून म्हणाला, "अप्पा, भाडं तुम्हाला द्यायचं का या वायपरला?" अप्पा हसले. घरी आल्यावर मात्र बॉनेट उघडून बसले.

अप्पांची एक पद्धत होती. दुखतं तिथं हात ठेवायचा नाही, जिथून निघालं तिथून चालत यायचं, असं म्हणायचे. इंजिन चालू करून त्यांनी नळी इंजिनापाशी काढली आणि माझा अंगठा त्या भोकावर ठेवला. अंगठा असा ओढला गेला की मी घाबरून किंचाळले. "म्हणजे इथं जीव हाय," अप्पा म्हणाले. मग नळी परत जोडून तिचं वरचं टोक डबीतून काढलं आणि तिथं अंगठा ठेवायला लावला. नुसती फुंकर घातल्यासारखं वाटलं. म्हणजे ओढ वाटेत कुठंतरी सांडत होती. अप्पांनी नळीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून आणायला सांगितली. "कमळे, तुझी नजर बारीक हाय. नळीच्या कडंनं उदबत्ती ने, धूर कुठं आत जातोय ते बघ." पेट्रोलच्या मोटारीत पेटती उदबत्ती घेऊन मी वाकले होते, आज आठवलं की अंगावर काटा येतो. पण तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, देवाचीच तर होती. सरळ वर चाललेला धूर एका जागी वाकडा झाला आणि नळीत शिरला. तिथं केसासारखी चीर होती. माय दारातून म्हणाली, "देवाला दावायची उदबत्ती मोटारीला दावताय, आता आरतीबी म्हणा."

नळी बदलायची ठरली. अप्पांनी आधी एक मऊ नळी आणून जोडली, तर इंजिनानं ओढल्याबरोबर ती भुकेल्या पोटासारखी चपटी झाली. तात्या गोठ्यातून बघत होता. "अण्णा, माझ्या फवारणीच्या पंपाची जाड नळी हाय जुनी, ती घाला," असं बोलून गेला आणि मग बोलल्याचं त्यालाच वाईट वाटलं. ती नळी बरोबर बसली. पण वायपर चारदा हलून अडला. आता डबी राहिली. डबी उघडली तर आतलं चामडं उन्हात पडलेल्या जुन्या वहाणेसारखं ताठ. त्याला तेल पाहिजे होतं. दसरा तोंडावर आला होता. खंडेपूजेला, म्हणजे हत्यारा-अवजारांच्या पूजेला, मोटार धुऊन, हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून उभी केली आणि तेव्हाच मायच्या खोबरेलाच्या बाटलीतलं तेल मी त्या चामड्याला चोळून चोळून पाजलं. डबी बसवल्यावर अप्पा म्हणाले, "इंजन चालू करायच्या आधी तूच बघ. नळी काढ, डबीला तोंड लाव आन ओढ." मी ओढलं. तोंडात गंज आणि खोबरं अशी चव आली, आणि बाहेर काचेवर पातं हललं. माझ्या श्वासानं. पुन्हा ओढलं, पुन्हा हललं. आयुष्यात पुढं पुष्कळ गोष्टी केल्या, चार लेकरं वाढवली, पण मोटारीचा वायपर तोंडानं हलवला हे सांगताना मला अजून जास्त ऐट वाटते.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत वायपर छान चालला. दिवाळीनंतर थंडी पडली आणि पहाटे धुई, म्हणजे दाट धुकं, यायला लागली. आमच्याकडं मार्गशीर्षात अशी धुई येते की तुरीच्या रानातली माणसं एकमेकांना हाक मारून शोधतात. काचेवर दंव बसायचं आणि नेमका तेव्हाच वायपर मेलेला. अप्पा भाडं सोडून दुपारी घरी यायचे, उन्हात मोटार उभी करून खुंटी ओढायचे, तर वायपर चालू. मी नळी तपासली, ओढ चांगली होती. उदबत्ती फिरवली, धूर सरळ. "दुपारचं चालतंय, पहाटंचं मरतंय," अप्पा म्हणायचे, "इंजनाला जुडीताप आलाय का काय." तात्या म्हणायचा, "मोटार बी मालकाच्याच वळणावर गेली, ऊन चढल्याबिगर उठत न्हाई." संध्याकाळी अप्पा कंदिलाखाली बसून वायपरचे स्क्रू चाचपायचे आणि मायवर करवादायचे, "कंदिलाच्या काचंला काजळी धरलीया, पुसत जा की गं." माय म्हणायची, "आत्ताच राखंनं घासली, नवीकोरी दिसायलीय." दोघांची अशी रोजचीच कुरबुर. मी लक्ष दिलं नाही.

मग ती गोष्ट झाली. एका पहाटे अप्पा रिकामी मोटार घेऊन येत होते आणि रस्ता सोडून एका बांधावर चढले. कुणाला लागलं नाही, एक चाक तेवढं वर राहिलं. तात्यानंच बैल लावून मोटार ओढून काढली. रात्रीच्या जेवणाला सगळं बाहेर आलं.

"अण्णा, मोटार इकू," तात्या म्हणाला. "इहिरीवर इंजन बसवू. रानाला पाणी हुईल."

"मोटारीनं काय वाकडं केलंय तुझं?"

"माझं न्हाई. आज बांध व्हता, उद्या इहीर असंल. आन पोरीला संगट नेताय."

"वायपर चालंना त्याला म्या काय करू? सगळी काच पांढरी. म्होरचं काय बी दिसंना."

माय कधी मध्ये पडत नसे. ती भाकरीवर पाणी फिरवता फिरवता म्हणाली, "मला बी घोर लागतोय. भावजी खोटं बोलंनात."

अप्पांनी घास खाली ठेवला. मला आठवतं, ताटातली चटणी त्यांनी बोटानं उगीच एका कडेला लोटली. "येळवसला सगळ्यांना मोटारीतनं रानात नेतो," ते म्हणाले. "पहाटं, धुईतनं. काच पुसाया येकदा जरी खाली उतरलो तर गिऱ्हाईक तूच आण, म्या सही करतो."

"आन न्हाई उतरलाव तर?"

"तर मोटारीचं नाव परत काढायचं न्हाई."

मोटार गेली तर अप्पा काय करतील, हे मला दिसतच नव्हतं. रस्त्यानं पायी चालणारे अप्पा मी बघितलेच नव्हते. पायी चालणारा तो माणूस मला कुणी परकाच वाटला असता.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा. सगळा गाव त्या दिवशी रानात असतो, घराला कुलूप. आदल्या दिवशी ताकात ज्वारीची अंबील घालायची, पहाटे उठून भज्जी शिजवायची. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत हं. ओली तूर, हरभरा, वाटाणा, रानातली हाताला लागेल ती भाजी, सगळं चिंचेच्या आंबटात बेसन लावून शिजवायचं. जोडीला बाजरीचे उंडे, वाफवलेले, मुठीएवढे. त्या पहाटे अंधारातच घर जागं झालं होतं. बाहेर धुई अशी, की अंगणातलं तुळशीचं वृंदावन दिसेना. अप्पांनी हँडल मारलं, मोटार सुरू झाली. मग खुंटी ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही. तात्या गोठ्यातून बैल सोडत होता. घुंगरं वाजली. "म्या गाडी जुपून ठेवतो, अण्णा," तो म्हणाला. "असू द्या आपली. लागंल."

मायनं मला हाक मारली, "कमळे, ये, येणी घालते, सणाला अशी झिपरी नगं हिंडू." तिनं कोनाड्यातली खोबरेलाची बाटली घेतली, उपडी केली, काहीच पडेना. आतलं तेल पांढरं घट्ट झालेलं. "थांब, इतळू दे," म्हणून तिनं बाटली चुलीच्या आवईला, बाजूच्या मंद तोंडावर, ठेवली. मी बघत बसले. काचेच्या कडेनं आधी एक पाण्यासारखी रेघ सुटली, मग मधला पांढरा गोळा हलला, मग सुटून तरंगायला लागला. दर थंडीत मी हे बघत आले होते. पण त्या दिवशी तो गोळा हलताना बघितला आणि माझ्या तोंडात ती गंजाची आणि खोबऱ्याची चव आली.

मी एक वेणी घातलेली, एक मोकळी, अशीच पळाले. "अप्पा, तेल गोठलंय."

"इंजनाचं तेल कशाला गोठतंय?"

"इंजनाचं न्हाई. डबीतलं. म्या पाजलेलं. मायचं खोबरेल."

दुपारी चालतं, पहाटे मरतं. अप्पांच्या तोंडावर ते एकेक पाऊल चालत आलेलं मला दिसलं. मग ते इतके हसले की त्यांना खोकला आला. पण डबी तापवायची कशी? ती होती काचेच्या डोक्यावर, वर कापडाचं छत. तिथं पलिता नेता येत नव्हता आणि एवढ्यात उकलून बसायला वेळ नव्हता. मी परत चुलीपाशी पळाले आणि पातेल्यातले वाफाळलेले उंडे फडक्यात काढायला लागले. माय ओरडली, "अगं, निवदाचे हायत ते." मी चार काढले, फडक्यात बांधले, आणि सीटवर उभी राहून डबीवर शेक द्यावा तसं ते गाठोडं बांधलं. तात्या कासरा हातात धरून खिडकीतून बघत होता. "असू दे वयनी," तो म्हणाला, "यंदा देवाच्या आधी वायपरला निवद." आम्ही थांबलो. अप्पा खुंटी ओढून धरून बसले. काचेवरचं पातं आधी नुसतं शहारलं. मग दोन बोटं सरकलं. मग सुर्रकन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि काचेत आमचं अंगण उमटलं.

तात्यानं बैल सोडून परत दाव्याला बांधले. आमच्या घरची रीत अशी, की अंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, ज्याच्या हातात, त्यानं रान येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. दरसाल ती तात्याकडं असायची. तो मागच्या सीटवर बिंदगी मांडीत घेऊन बसला आणि त्याच्या सगळ्या टोमण्यांना बूच लागलं. मायच्या मांडीवर भज्जीचं पातेलं, फटीफटीत धाकटी दोघं. गुलबर्ग्याच्या रस्त्याला लागलो. धुईत काही म्हणजे काही नव्हतं. फक्त वायपरनं पुसलेला एक अर्धा चंद्र आणि त्यात राखाडी रस्ता. अप्पा म्हणाले, "डावीकडचं तू सांग." मी सांगत होते, बांध आला, बाभूळ आली, कुणाची बैलगाडी हाय. चढ लागला. वायपर मध्यावर थांबला. मागं सगळ्यांनी श्वास धरला. अप्पांनी पाय उचलला, पात्यानं एकदा पुसलं, पाय टेकला, मोटार ओढली. पुन्हा उचलला, पुन्हा पुसलं. सगळा चढ आम्ही असे चढलो, आणि गाठोड्यातल्या उंड्यांचा वास आमच्या डोक्यावरून दरवळत होता. अप्पा एकदाही उतरले नाहीत.

रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटं खोपटं, केली होती, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव. पूजा झाली, "ओलगे, ओलगे" म्हणत पिकात अंबील शिंपडली. बिंदगी खाली ठेवल्यावर तात्याचं पहिलं वाक्य काय? "वयनी, ते वायपरचे उंडे कुणी खायचे?" शेवटी शेजारच्या रानातल्या बैलांना घातले. ऊन वर आलं, धुई उडून गेली, बांधाबांधावरून माणसं जेवायला आली आणि अप्पांनी प्रत्येकाला पहाटेची गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी त्यात माझं नाव आधी. मी तेव्हा कोपीच्या मागं जाऊन एकटीच हसत होते. मोटार राहिली होती. मी ठेवली होती.

परत निघालो तेव्हा ऊन कललं होतं आणि सरळ तोंडावर येत होतं. पोटं भरलेली, धाकटी दोघं मायच्या अंगावर झोपलेली, मागं तात्या गुणगुणत होता. उतार लागला. अप्पांनी हात वर नेला आणि खुंटी ओढली. कोरड्या खडखडीत काचेवर पातं चर्र, चर्र करत पळायला लागलं. उतारावर त्याला भूत लागतं तसं. मागून तात्या मोठ्यानं हसला, "बास की अण्णा, हारलो म्या, किती चिडिवताव." माय बी हसली. मी पण हसायला म्हणून अप्पांकडं वळले. अप्पा हसत नव्हते. ते चाकावर वाकले होते, डोळे बारीक केले होते आणि पहाटे धुईत बघत होते तसंच बघत होते. रस्ता माझ्यासमोर लख्ख होता. पुढं शेळ्यांचं खांड रस्ता ओलांडत होतं, एकेका शेळीचे कान मला दिसत होते. अप्पांचा पाय ब्रेकवर जाईना.

"अप्पा, म्होरं शेरडं हायत," मी म्हटलं.

त्यांनी ब्रेक दाबला. शेळ्या गेल्या. वायपर कोरडं घासतच होता. मी त्यांच्या कानापाशी जाऊन हळूच म्हटलं, "अप्पा, काच कोरडी हाय."

"व्हय?"

"ऊन पडलंय."

अप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढला, वळवून पुढच्या काचेवर तळवा ठेवला. तळवा परत आणून डोळ्यांजवळ धरला, अंगठ्यानं चोळून बघितला. मग खुंटी आत सारली. पातं होतं तिथंच, मध्यावर थांबलं. पहाटेच्या धुईत आम्हा सगळ्यांनाच सारखं दिसत होतं, म्हणून पहाटे मला काही कळलं नव्हतं. आता कंदिलाची काच कळली, बांध कळला, नळीवरून फिरणारं बोट कळलं. वायपर बिघडला होता हे खरंच होतं. पण त्याच्याआड दुसरं काहीतरी बिघडत चाललं होतं आणि अप्पा दोन्ही दुखणी एकाच्याच नावावर टाकत आले होते. त्यांना ते माहीत होतं का? मी आज त्यांच्याहून म्हातारी झालेय, माझ्याही दोन्ही डोळ्यांची आपरेशनं झालीत, आणि मला वाटतं, अर्धं माहीत होतं. माणसाला आपलं असं अर्धंच माहीत असतं.

अप्पांनी मोटार कडेला घेतली. "तात्या," ते म्हणाले, "ये म्होरं. तू घे."

"म्या? कामून?"

"पाय भरून आलाय. सकाळपस्नं उचलून उचलून."

तात्या थट्टा करणार होता. तोंड उघडलंही होतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी काय तोंड करून बसले होते कुणास ठाऊक, तो खाली उतरला. मी मध्ये सरकले, अप्पा माझ्या जागेवर खिडकीशी बसले. बैलाच्या माणसानं मोटार हाकली, आणि चांगली हाकली. घर येईपर्यंत अप्पा माझा हात हातात धरून होते, जसा अंगठा नळीवर धरला होता तसा, घट्ट.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण पिकल्याशिवाय काढता येत नाही. त्या काळी तसंच होतं, आंब्यासारखं पिकायची वाट बघायची. पैज तात्या हरला होता, म्हणून मोटार विकायचं नाव त्यानं काढलं नाही, आणि विकायची नाही तर कुणीतरी चालवायला पाहिजे, म्हणून चाकावर तोच बसला. बैलांना गडी ठेवला. डबीतलं चामडं पुसून आम्ही त्याला एरंडेल पाजलं, ते थंडीत गोठत नाही. भाडं असो नसो, अप्पा डावीकडं बसायचे, मी मध्ये, आणि अप्पांचा हात वर त्या पितळी खुंटीवर. ती त्यांनी कुणाला दिली नाही.

पुढच्या पावसाळ्यात उमरग्याच्या रस्त्याला असाच एक चढ होता. पाऊस कोसळत होता. तात्यानं इरेला पडून रेस दाबली आणि वायपर मध्यावर थांबला. काच वाहायला लागली. तात्या मोटारीला आणि तिच्या अमेरिकेतल्या आईबापाला शिव्या द्यायला लागला. अप्पा शांत म्हणाले, "पाय उचल. जरा थांब. पुसू दे. मग जा."

तात्यानं पाय उचलला. पातं सपकन फिरलं, रस्ता दिसला. थोडं पुढं जाऊन पुन्हा थांबलं, आणि तात्याच्या ध्यानात यायच्या आधी अप्पा म्हणाले, "थांबला. उचल." तात्यानं चमकून त्यांच्याकडं बघितलं. अप्पांचे डोळे समोर होते, पण तोवर त्यांना दिवस आणि रात्र याच्यापलीकडं फारसं काही कळत नव्हतं.

"अण्णा," तो म्हणाला, "तुमाला दिसायलंय व्हय?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "ऐकायलोय. तू बघ रस्ता."